सॉरी कोणी म्हणायचं

मुलांनो, तुम्ही एका फोटो स्टुडिओत उभे आहात असं समजा. आजींनी आपल्या चार बहिणींना कसंबसं जमवून इथे मालकाकडून फोटो काढून घेतला. बहिणी आपापल्या गावी गेल्या आणि आजी फोटो न्यायला आल्या तेव्हा कळलं, कॅमेऱ्यात मेमरी कार्डच नव्हतं.

"आजींना सॉरी म्हणा," मालक मदतनीस ताईंवर खेकसला.

"दादा, मी कॅमेऱ्याला हातही लावला नाही."

"म्हणायला जीभ झिजते का? नाहीतर उद्यापासून घरी बसा." मग तो आजींकडे वळून गोड हसला. "हाताखालची माणसं, काय करणार?"

ताईंनी मान खाली घातली. "सॉरी, आजी."



कोपऱ्यात बसलेली मालकाची मुलगी उठली. तिने बापाच्या शर्टाच्या खिशातून कार्ड काढून आजींच्या हातावर ठेवलं, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.