शेवटचं वळण

पहिल्याच शर्यतीत घोडी सगळ्यांच्या पुढे होती, आणि शेवटच्या वळणावर तिच्यावर स्वार असलेल्या मुलीला टापांचा ताल चुकल्यासारखा वाटला. रोजचा सराव तिनेच करून घेतला होता. घोडीची टाप तिला झोपेतही ओळखू आली असती. आता पुढचा डावा पाय उशिरा पडत होता. घाबरून तिने लगाम खेचला. बाकीचे घोडे भराभर पुढे निघून गेले. घोडीचे प्रशिक्षक म्हणजे मुलीचे वडीलच. ते तणतणत आले. “हातची शर्यत घालवलीस. झालं काय तुला?” “भीती वाटली, बाबा. पाय बघा तिचा.” त्यांनी गुडघ्याखाली हात फिरवला आणि घोड्यांच्या डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर तपासून म्हणाले, “हाडाला तडा गेलाय. भरून येईल. आणखी पळाली असती तर दोघीही गेल्या असत्या.” वडील मुलीच्या हेल्मेटचा पट्टा सोडवायला गेले, पण त्यांच्या बोटांना तो सुटेना.