वाळायच्या आत

बाळंतीण बहिणीकडे माल्टाला जायला अकिनीला, रूपाबाईच्या केनियाच्या सुनेला, व्हिसा हवा होता. तिकीट, विमा जुळले. ‘परत येण्याचा पुरावा’ या रकान्यापाशी तिचा नवरा विकास अडला. सून तिकडंच रमली तर, ही धास्ती रूपाबाईलाही होती. “आमच्या तांड्यात माहेरी निघालेली सून ओलं लुगडं दोरीवर टाकून जाते,” ती म्हणाली. “वाळायच्या आत परत येते. हेच लिव.” “व्हिसावाल्यांना लग्नाचा दाखला पायजे, आई, लुगडं न्हाई.” अकिनी नुसती हसली. वीस दिवसांचा व्हिसा मिळाला. तिला कनेरगाव नाक्यावर बसमध्ये बसवून मायलेक परतले, तर दोरीवर अकिनीची निळी साडी ठिबकत होती. मे महिन्याच्या उन्हात ती दुपारीच वाळली. रूपाबाईनं घागर उचलली. “आई, टँकरचं पाणी साडीवर काहून ओतून राहिली?” “वाळू द्यायची न्हाई. अजून एकोणीस दिवस हायेत.”