थेंबभर तेल

राजलक्ष्मीने पिस्तुलाचा वरचा भाग उतरवून फडक्यावर ठेवला. आज तेल नेहमीपेक्षाही जास्त होतं. त्यात धूळ बसून करडा लगदा झाला होता. तिने तो बोटांत चोळून पाहिला. नीट न धुतलेल्या पालेभाजीसारखी करकर लागली.

इंदापूरच्या बाहेर, मुरमाच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून नेमबाजी क्लबची रेंज होती. टिपर गेला की पत्र्याच्या शेडमध्ये धुळीचा लोट शिरे आणि उघड्या असलेल्या प्रत्येक वस्तूवर बसे. पिस्तुलं क्लबची. ती खोलायचा आणि पुसायचा अधिकार एकट्या नागेश तात्यांचा. बावीस वर्षं लष्करात हत्यारं दुरुस्त करून आलेले तात्या रेंजमागच्या खोलीत पत्नी द्वारकाबाईंबरोबर राहत. खोली क्लबनेच दिलेली. नवी पोरं आली की पहिल्या दिवशी ते बजावत, "भाजीला फोडणी देतासा तसं तेल वतायचं न्हाय. हितं धूळ हाय. लोखंडाला लोखंड घासतं तितं एक थेंब, आन् त्योबी पुसून घ्यायचा."

आणि तेच तात्या दिवाळीपासून तेल ओतत होते.

राजलक्ष्मीला ते कळलं ते सरावात पिस्तूल तीनदा अडकलं तेव्हा. तिने कुणाला सांगितलं नाही. तात्यांना विचारायलाही तिची जीभ उचलेना. ज्यांनी शिकवलं त्यांनाच कसं सांगायचं, की तुमचं चुकतंय? सराव सुरू व्हायच्या आधी तात्या पिस्तूल तिच्या टेबलावर ठेवत आणि टपरीकडे जात. तेवढ्या वेळात ती मॅगझिन काढी, नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री करी आणि त्यांना बघून बघून शिकली होती तसं एकेक सुटं करी. पहिल्या दिवशी स्प्रिंग उडाली. ती शोधायला तिला शेडभर रांगावं लागलं होतं. आता बोटं आपोआप चालत. सगळं कोरडं पुसायचं, थेंबभर तेल लावायचं, तेही पुसायचं, जोडायचं. परत आल्यावर तात्या पिस्तुलावरून एकदा अंगठा फिरवत आणि म्हणत, "चला, लागा कामाला." त्यांना कळलं नाही, या समाधानात ती नेम धरी.

रविवारी निवड चाचणी होती. क्लबकडून एकच मुलगी जाणार होती, आणि ती राजलक्ष्मी होती.

"हे काय चाललंय?"

दारात क्लबचे सचिव दादासाहेब उभे होते. तिच्या हातातली चिंधी तिथंच थांबली.

"तुला कुणी सांगितलं खोलायला? नियम माहीत हाय न्हवं?"

"व्हय, दादासाहेब."

ते जवळ आले. फडक्यावरचा लगदा त्यांनी वाकून पाहिला. "आन् हे एवढं तेल? कुणी वतलं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मग रविवार तिचा राहिला असता. तात्यांचं काम मात्र संध्याकाळपर्यंत गेलं असतं, आणि कामाबरोबर ती खोली.

"मीच," ती म्हणाली. "बघत हुते, जमतंय का."

"हौस आली व्हय? क्लबचं पिस्तूल म्हंजे काय शिलाई मशीन वाटलं?" दादासाहेबांचा आवाज चढला. "रविवारचं इसर आता. तुझ्या जागी श्रेया जाईल."

राजलक्ष्मीने मान हलवली. डाळजहून रोज दोन गाड्या बदलून येण्याची तीन वर्षं तिच्या डोळ्यांसमोरून सरकली.

"ते तेल माझं हाय, दादासाहेब."

तात्या शेडच्या तोंडाशी उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"तुमी मधी पडू नगा, तात्या. पोरीला पाठीशी घालू नगा."

"मी कशाला घालतोय? तीच मला घालतीया." तात्या हाताने टेबलाची कड चाचपत पुढे आले. "मला काचबिंदू झालाय. दिवाळीपासनं थेंब दिसत न्हाय. बाटलीतनं एक पडला का धा, मला कळत न्हाय. ही पोरगी रोज माझ्या मागं सगळं खोलती, पुसती आन् परत जोडती. म्हणून तवापासनं एकदाबी अडकलं न्हाय."

राजलक्ष्मीने चमकून वर पाहिलं. तात्यांची नजर तिच्याकडे होती, पण जराशी बाजूला.

दादासाहेब स्टुलावर बसले. चढलेला राग कुणावर काढावा, ते त्यांना कळेना. श्रेयाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. ते म्हणाले, "चार म्हैनं, तात्या? एवढी मोठी गोष्ट दडवली तुमी? खोली जाईल म्हणून?"

"व्हय. खोटं कशाला बोलू? भ्यालो. पण ते पहिलं आठच दिस."

"आन् मग?"

तात्यांनी फडक्यावरच्या सुट्या भागांवरून सावकाश बोटं फिरवली. सगळे ओळीने, जोडायच्या क्रमाने मांडलेले होते.

"मग म्हणलं, हिचा हात बसूस्तवर थांबू."