खाणीच्या वळणावर

"चालता चालता बंद पडते. रोज नाही, मधूनच," काचवाली म्हणाली आणि तिने पिकअपची किल्ली मिस्त्रीच्या टेबलावर ठेवली. "पडते ती मात्र खाणीच्या वळणावर."

मिस्त्रीच्या हातातला पाना हातातच राहिला. खाणीचं वळण कुणाला ठाऊक नव्हतं? वर्षापूर्वी तिचा नवरा काचा घेऊन जाताना तिथूनच कठडा तोडून खाली गेला होता.

"आधी कुणाला दाखवलीत?"

"या रस्त्यावरच्या दोन्ही गॅरेजांत. दोघांनी हात टेकले. तुमच्याकडे आमची गाडी पहिल्यांदाच येतेय, नाही का?"

"हो, पहिल्यांदाच," मिस्त्री म्हणाला आणि पान्याकडे बघत राहिला.

पांढरी पिकअप दारात उभी होती. मागे काचा उभ्या लावायचा लोखंडी स्टँड, एका कोपऱ्यात वाकलेला. "जुनं म्हणाल तर तो स्टँडच तेवढा. बाकी सगळं बदललंय," ती म्हणाली. मिस्त्रीने मान हलवली. गाड्या तो नंबरावरून नाही, तक्रारीवरून ओळखायचा. नंबर विचारलात तर त्याला स्वतःच्या स्कूटरचाही सांगता आला नसता.

असलं मधूनच उपटणारं दुखणं म्हणजे डोक्याला ताप. डॉक्टरांच्या दारात पोचलं की दाढ दुखायची थांबते ना, तशी ही गाडी गॅरेजात आली की शहाण्या बाळासारखी वागणार. त्याने स्कॅनर लावला. दोषाचा एकही कोड नाही. डिझेलचा फिल्टर बघितला, बॅटरीची टोकं घासली, इंजिन चालू ठेवून वायरी एकेक करून हलवल्या. इंजिनाने हूं की चूं केलं नाही.

"क्रँक सेन्सरची वायर बघितलीत?" काचवालीने विचारलं.

"ती खाली अडचणीत आहे. बघू नंतर."

"तेवढ्याने बंद पडते का हो?"

"तेवढ्याने? अहो, इंजिन फिरतंय हे गाडीला सांगणारा तोच. तो मुका झाला की इंजिन गेलं. स्टिअरिंग जड, ब्रेक जड. वळणावर असाल तर..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं आणि उगाच हात पुसायला घेतले.

ती स्टुलावर बसली. "लोक म्हणतात, त्याने मुद्दाम गाडी खाली घातली. सख्खे सासरेसुद्धा तेच म्हणतात. परवा मुलगी शाळेतून आली आणि विचारते, आई, बाबांना आपण नको होतो का?" तिचा आवाज फाटला. "नऊ वर्षांची आहे हो. गाडीत दोष होता, एवढं कुणीतरी छातीठोकपणे सांगा. जगाचं तोंड मी बंद करते."

मिस्त्रीला भडभडून आलं. गेलं वर्षभर त्याचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. बायको म्हणायची, वय झालं तुमचं. बाजारात जायलाही तो खाणीचा रस्ता सोडून लांबच्या पुलावरून जायचा. विचारलं की म्हणायचा, तिकडे खड्डे फार.

"चला," काचवाली उठली. "मी चालवते. तुम्ही शेजारी बसा, त्या यंत्राकडे बघत."

नाही म्हणायला त्याला तोंडच नव्हतं. स्कॅनर मांडीवर घेऊन तो बसला. भर दुपार होती, रस्ता रिकामा. चढ सुरू झाला तसा मागचा स्टँड खडखडायला लागला. काचा नसताना इतका वाजतो, तर भरलेला असताना कसा वाजला असेल? त्याने नजर आकड्यांवरून हलू दिली नाही.

वळण आलं. नव्या कठड्याचा रंग अजून ताजा होता.

स्कॅनरवरचे आकडे गेले. एकदम, सगळेच्या सगळे. इंजिन बंद. काचवालीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं आणि पिकअप रस्त्याकडेच्या मुरमावर घसटत थांबली.

"झालं!" ती म्हणाली. "अशीच!"

मिस्त्री धडपडत उतरला. स्कॅनर सीटवरून खाली पडला, तो त्याने उचललासुद्धा नाही. बॉनेट वर करून त्याने हात घातला, तो बॅटरीच्या मागून, पाइपाच्या खालून, थेट कोपरापर्यंत आत. बोटं वायरीवरून वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. वायर पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड होती.

"जोड कुठे गेला?" तो पुटपुटला.

"कसला जोड?"

काचवाली शेजारी येऊन उभी होती. मिस्त्रीचा हात आतच राहिला.

"दोनच दिवस चालव म्हटलं होतं मी त्याला," तो म्हणाला. "सेन्सर आला की पक्कं करून देतो म्हटलं होतं. ताई, देवाशपथ, दोनच दिवस..."

गाडीत जाऊन तिने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं.

"त्या सकाळी तो म्हणाला होता, सेन्सरच्या वायरीला तात्पुरता जोड मारून घेतलाय," ती खिडकीतून म्हणाली. "कुणाकडून, ते विचारायचं राहून गेलं. आधीचे दोघं इथे तासभर शोधत बसले होते. तुमचा हात कसा नेमका तिथेच गेला, मिस्त्री? त्याची गाडी तर तेव्हाच भंगारात गेली. ही दुसरी आहे, वळणावर किल्ली मीच बंद केली. हिला कसलंच दुखणं नाही."