दुसरी चावी

"काका, यात दोन बोटं आहेत," मोबाइल दुरुस्त करणारी बाई म्हणाली.

चावीकाकांनी आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बोटं दहाच्या दहा जागेवर होती.

"दोन म्हणजे?"

"म्हणजे हा फोन दोन बोटांनी उघडतो. तुम्ही किती नोंदवली होतीत?"

"एकच. हा अंगठा. आणि आठवडाभर फोन यालाच ओळख देत नाही, म्हणून तर तुमच्याकडे आलो."

बाईने त्यांचा अंगठा दिव्याखाली धरला. "ओळख कुठून देणार? रेघाच उरल्या नाहीत. काय काम करता?"

"किल्ल्या घासतो. चाळीस वर्षं."

"मग किल्लीबरोबर अंगठाही घासलात. करंगळी द्या, ती नोंदवू. आणि ते दुसरं बोट काढून टाकू का?"

"हात लावू नका त्याला!" काका स्टुलावरून अर्धे उठले. "चोर सापडायचाय अजून."

"पण बोट नोंदवायला आधी फोन उघडायचा तुमचा नंबर लागतो. तो कुणाला माहीत आहे?"

"कुणालाही नाही."

"चार वेळा एक," बाई शांतपणे म्हणाली. "मघाशी माझ्याकडे पाठ फिरवून टाकलात, पण कोपर जागचं हललं नाही तुमचं."

काकांनी फोन खिशात घातला आणि खिशावर हात ठेवूनच ते बाहेर पडले. त्यांनी नुसता कान लावला की भलं भलं कुलूप बोलायला लागे. एका तिजोरीने तर ते जिना चढत असतानाच दार उघडून दिलं होतं, असं ते स्वतः सांगत. अशा माणसाच्या कुलपाची दुसरी चावी त्याच्याच घरात कुणीतरी बनवली होती!

आणि फोनमध्ये तो फोटो होता. डॉक्टरांच्या कागदाचा. काळजातली एक झडप नीट मिटत नाही, मीठ कमी करा, वजन उचलू नका, पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या. कागद काकांनी तिथल्या तिथे फाडून टाकला होता, फोटो तेवढा ठेवला होता. घरी कळलं असतं तर त्याच दिवशी दुकानाला कुलूप लागलं असतं, आणि त्या कुलपाची किल्ली काकांना काही कुणी दिली नसती.

वाटेत काकांनी संशयितांना एकेक करून मनासमोर उभं केलं. मुलगा. पंधरा दिवसांपासून रोज सकाळी दुकानाचं शटर वर करून द्यायला येतोय, म्हणे वाटेतच पडतं. ऑफिस त्याचं बरोबर उलट्या दिशेला. पोराचा दुकानावर डोळा आहे! मग सून. पंधरा दिवस जेवण अळणी, आणि विचारलं की म्हणते, "हात आखडला हो बाबा." हात आखडायला मीठ काय सोन्याच्या भावाने मिळतं? काकूंवर मात्र संशय घ्यायला जागा नव्हती. शिवणयंत्र आणि कात्री, यापलीकडच्या कुठल्याही यंत्राला त्यांनी कधी हात लावला नव्हता. काकांना तेवढंच संशयास्पद वाटलं.

घरात पाऊल टाकताच त्यांनी मुलाला गाठलं. "जरा अंगठा ठेव रे इथे. काच तापलीय का बघ."

मुलाने दोन्ही अंगठे ठेवले. फोन ढिम्म.

"गार आहे की, बाबा. तुम्ही कसे आहात?"

हा प्रश्न त्याने जन्मात कधी विचारला नव्हता. काकांनी तो मनात नीट टिपून ठेवला.

सुनेला त्यांनी काचेवरचा डाग पुसायला सांगितला. अंगठ्याने, मग तर्जनीने, मग दुसऱ्या हाताने.

"बाबा, डाग पुसायचाय की माझी बोटं मोजायचीत?"

"डाग चिवट आहे," काका म्हणाले. फोन उघडला नाही. उलट इतक्या परक्या बोटांनी रुसून बसला आणि नंबर मागू लागला. चार वेळा एक दाबून काकांनी त्याची समजूत काढली.

जेवणं झाली. काकू शिवणयंत्राशेजारी चटई टाकून आडव्या झाल्या, पांघरूण गळ्यापर्यंत. उजवा हात तेवढा बाहेर होता. काकांनी सगळं सामसूम होऊ दिलं, आणि मग स्वतःच्याच घरात चोरासारखे पावलं न वाजवता गेले. गुडघ्यावर बसताना धाप लागली, ती त्यांनी तोंड मिटून गिळली. कुलपात तार सरकवावी तितक्या हलक्या हाताने त्यांनी काकूंचा अंगठा उचलला आणि काचेवर टेकवला.

फोन नुसता थरथरला.

पुन्हा टेकवला. पुन्हा तेच.

काकांच्या मनावरचं मणभर ओझं उतरलं. चला, म्हणजे ही तरी आपली! त्यांना जरा लाजही वाटली. अंगठा त्यांनी जिथला तिथे अलगद ठेवला आणि उठण्यासाठी यंत्राचा पाय धरला.

"तो कात्रीने झिजलाय," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. पांघरुणाखालून त्यांनी डावा हात पुढे केला. "हा घ्या. आणि उठताना सावकाश."