हात सैल सोड

सुलोचना कासारणीचे हात बऱ्याच वर्षांपूर्वी अपघातात लुळे पडले होते. आज तिच्या खुर्चीला बसवलेले यंत्राचे हात थेट तिच्या मेंदूशी जोडले होते, आणि समोर भाची केतकी लग्नाचा चुडा भरायला बसली होती.

"ताई, स्पर्श कळतोय?" इंजिनिअरने विचारलं. मेंदूतली हातांची जागा इतकी वर्षं शाबूत राहिली असेल, याची त्यालाच धाकधूक होती.

सुलोचनाने डोळे मिटून केतकीच्या अंगठ्याखालचा उंचवटा दाबला. "सव्वादोनच्या मापाच्या काढा. आणि केतके, हात सैल सोड. लहानपणीही अशीच ताठ धरायचीस."

हिरवा चुडा सरसर चढला, एकही बांगडी पिचली नाही. केतकीला हसता हसता रडू आलं. बोटं गार धातूची होती, पण दाबायची रीत मावशीचीच होती.