खुसूखुसू

लिफ्टने एक हिसका दिला, थांबली, आणि दिवाही गेला. भिंगरीने ओठ गच्च मिटले, तरी नाकातून ते आलंच. खुसूखुसू.

हे हसू म्हणजे तिचं जन्माचं दुखणं. मुख्याध्यापिका रागावल्या, खुसूखुसू. शेजारचे काका वारले, सगळे रडताहेत, आणि ही कोपऱ्यात ओढणीत तोंड खुपसून खुसूखुसू. आई कपाळावर हात मारून घ्यायची. तीच आई आत्ता वर चौथ्या मजल्यावर डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसली होती. तिच्या तपासणीत काय निघालं, ते आज कळणार होतं. भिंगरी शाळेतून थेट दवाखान्यात आली आणि बाबा तिला घ्यायला खाली उतरले. दोघं वर निघाले, तेवढ्यात हे.

"बाबा, मी मुद्दाम नाही हो हसत."

"माहितेय." बाबांचा आवाज निवांत होता. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. "ती भीतीच असते गं. तोंड दाबलं की नाकातून सटकते. माझंही तसंच. तू जन्मलीस तेव्हा दाराबाहेर मी इतका खुसूखुसू करत होतो, की नर्सबाईंनी मला जिन्यात हाकललं."

"तुम्ही? आणि घाबरलात?"

वर काहीतरी करकरलं. भिंगरीने त्यांचा हात पकडला. "आपण पडणार का?"

"वीज गेली की ब्रेक आपोआप लागतो."

"खरं सांगा ना."

"कान दे बघू. मी हसतोय का?"

तिने कान दिला. अंधारात नुसता शांत श्वास चालला होता. तिने त्यांचा हात सोडला.

दिवा आला. लिफ्ट गुपचूप चौथ्या मजल्यावर पोचली. डॉक्टरांनी आधी बाबांनाच आत बोलावलं. मायलेकी बाकावर बसल्या. भिंगरी लिफ्टची गोष्ट तिखटमीठ लावून सांगत होती. आई हं हं म्हणत होती आणि भिंगरीच्या दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

दार उघडलं.

"काय म्हणाले?" आई उठली.

"काही नाही गं. किरकोळ आहे. गोळ्यांनी जाईल."

आईने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "हसताय, म्हणजे खरंच काही नाही," ती म्हणाली आणि पर्स उचलून लिफ्टकडे चालू लागली.

भिंगरीला बाकावरून उठवेना. बाबांनी ओठ गच्च मिटले होते, आणि नाकातून ते येतच होतं. खुसूखुसू.